मुलीच्या वतीने

हार्त्सफेल्ड, जर्मनी
१६ ऑक्टोबर २००५

ती. बाबा आणि आई यांना,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोहोचलं, आणि आईने पाठवलेला काळा मसालाही पोहोचला. पाकिटावर दुसरीच चिकटपट्टी होती, म्हणजे कस्टमवाल्यांनी फोडून हुंगून पाहिलं असणार. बिचारे दिवसभर शिंकत बसले असतील. बाबा, तुमच्या पत्रात थंडीबद्दल इतक्या सूचना आहेत, की मी इथे शिकायला आले आहे की बर्फावर पहारा द्यायला, असा प्रश्न पडावा. कानटोपी घालते आहे. आता थंडी सोडून दुसरं काही लिहा.

मागच्या रविवारी वोल्फ्सबुर्गला शार्दूलदादाकडे जाऊन आले. दादा नेहमीप्रमाणे कंपनीच्या गाडीचं कौतुक सांगत होता आणि वसुधावहिनी नेहमीप्रमाणे त्याच्याकडे दुर्लक्ष करत होती. विहानला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देतो जर्मनमध्ये. मी त्याला गाल फुगवून रागावले तर म्हणाला गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. पाच वर्षांच्या मुलाने आत्याला असं म्हणावं.

आता खरी बातमी. आमचा ब्लॅक स्टडीजचा विभाग बंद करायचं चाललं आहे. विभाग म्हणजे तरी काय, अमेरिकन अभ्यास संस्थेच्या तळघरातल्या दोन खोल्या, पुस्तकांची कपाटं आणि केलरबाई. तुम्ही मागे त्यांच्याबद्दल विचारलं होतंत. त्यांची आई जर्मन, वडील युद्धानंतर इथे आलेले अमेरिकन सैनिक, कृष्णवर्णीय. वडिलांना त्यांनी पाहिलेलंही नाही. अशी जी मुलं इथे त्या वर्षांत जन्मली, त्यांचं शाळेत काय झालं, यावरच माझा प्रबंध आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाईंचा जन्म याच गावचा, पण बसमध्ये लोक अजून त्यांच्याशी सावकाश, हातवारे करत जर्मन बोलतात. बाई तशाच सावकाश, हातवारे करत उत्तर देतात.

सध्या सगळ्या युरोपात पदव्यांची नवी मांडणी चालू आहे. जुनं सगळं मोडून बॅचलर आणि मास्टर करायचं. त्या आराखड्यात लहान विषयांना जागा नाही. संस्थेचे प्रमुख प्रो. फोग्ट म्हणतात की या विषयाचं भवितव्य काय ते त्यांना दिसत नाही. केलरबाईंची नोकरी इतकी वर्षं कराराचीच, त्यामुळे सभेत त्यांना मताचा अधिकार नाही. अडचण एकच आहे, आणि ती म्हणजे मी. विभागात नोंदलेला पीएच.डी.चा विद्यार्थी असेपर्यंत, त्याच्या संमतीशिवाय विभाग मिटवता येत नाही, असा इथल्या विद्यापीठाचा नियम आहे. आधीचे दोघे पदवी घेऊन गेले. उरले मी. माझं काम व्हायला अजून दोन वर्षं तरी लागतील, आणि तेवढ्यात नव्या मास्टरमध्ये हा विषय बसवून घेता येईल, अशी बाईंना आशा आहे.

परवा फोग्टांनी मला कॉफीला बोलावलं. फार गोड बोलले. दक्षिण आशिया विभागात जागा आहे, शिष्यवृत्ती आहे, मराठवाड्यातल्या जातीवर काम कर म्हणाले. तो तुझाच विषय, तुला शोधायलाही फार लागणार नाही. मी विचारलं की आपण जर्मन असून जन्मभर अमेरिकन कादंबरी शिकवलीत ती कशी. यावर ते हसले आणि आल्झो, म्हणजे बरं तर, म्हणाले. इथे आल्झो म्हटलं की कॉफी संपली असं समजायचं.

मी नाही म्हणून आले आहे. डिसेंबरात विद्याशाखेची सभा आहे. तिथे मला पुन्हा विचारतील आणि तिथेही मी नाहीच म्हणणार.

लोभ तर आहेच. तो वाढवा आणि सूचना तेवढ्या कमी करा.
तुमची,
उर्जा


औरंगाबाद
३० ऑक्टोबर २००५

चि. उर्जास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

थंडीबद्दल लिहू नका म्हणालीस, म्हणून लिहीत नाही. मफलर पाठवला आहे. त्याचा थंडीशी संबंध नाही, आईने विणला आहे म्हणून पाठवला.

तुझं पत्र दोनदा वाचलं. फोग्टसाहेबांना तू जे विचारलंस ते वाचून आधी मी मोठ्याने हसलो, आणि मग मला भीती वाटली. तू हसशील, पण मला खरोखरच भीती वाटली.

मी तुला हे कधी नीट सांगितलेलं नाही. आमच्या कॉलेजात मी नवीन होतो, तेव्हा एम. ए.ला एक ऐच्छिक पेपर सुरू करून घेतला होता. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य आणि आपलं साहित्य एकत्र वाचायचं. पुस्तकं मिळत नसत. मुंबईहून कुणी आणलं की आम्ही रात्रंदिवस हाताने उतरवून घ्यायचो. मुलं वेड्यासारखी यायची, इतर वर्गांतलीही दाराशी उभी राहायची. दोन वर्षं पेपर चालला. मग अभ्यासमंडळाच्या एका बैठकीत, या विषयाला पुढे काय भवितव्य आहे, असं कुणीतरी विचारलं आणि तो बंद झाला. माझी पीएच.डी. त्याच विषयावर होती. मी भांडलो. गाइडसाहेब दुखावले, मग त्यांची बदली झाली, आणि नव्या गाइडना मी नको होतो. निवृत्त होईपर्यंत माझ्या दारावर नुसतं 'प्रा.' राहिलं. मागून आलेले, मी शिकवलेले, डॉक्टर झाले आणि माझ्या पाया पडायला आले. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं मी सगळ्यांना सांगत असे. ते खोटं होतं.

म्हणून तुला सांगतो, आधी पदवी पदरात पाडून घे. विषय पुन्हा उभा करता येतो, गेलेली वर्षं नाही. केलरबाईंबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्यासाठी तू मोडावंस असं त्यांनाही वाटणार नाही. आणि वरिष्ठांना असे उलट प्रश्न विचारू नयेत. जन्मभर विद्यार्थ्यांना प्रश्न विचारा म्हणून सांगितलेला माणूस हे लिहितो आहे, हे मला दिसतं आहे.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिही, लोभ त्यातच धरीन.
तुझे,
बाबा


औरंगाबाद
१३ नोव्हेंबर २००५

चि. शार्दूल यास,
अनेक आशीर्वाद, जयभीम. वसुधाला आशीर्वाद आणि विहानला गोड पापा.

एक काम आहे. उर्जाच्या संस्थेचे प्रमुख प्रो. फोग्ट यांचा पूर्ण पत्ता आणि त्यांच्या नावाआधी काय काय लावतात ते मला लगेच कळव. तिकडे पदव्या ओळीने सगळ्या लिहितात असं ऐकतो, एखादी राहायला नको.

मी त्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं आहे. तिला उत्तर पाठवल्यावर दोन आठवडे वाट पाहिली, पण तिचं काही आलं नाही, म्हणजे ती ऐकणार नाही. पत्रात वावगं काही नाही. मुलगी तुमच्या पदरात टाकली आहे, तिला स्वतःच्या मुलीसारखी सांभाळा, ती लहान आहे, तिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका, आपण योग्य समजाल त्या विषयावर ती आनंदाने काम करील, तिच्या वतीने मी आपला ऋणी आहे, असं लिहिलं. आपल्याकडे गाइडला लिहितात तसंच. अशा दोन ओळींनी माणसाचं मन निवळतं. मग तो आपणहून म्हणतो की नाही हो, मुलगी हुशार आहे, तिला करू द्या तिच्या मनासारखं. माझ्या वेळी माझे वडील शिकलेले नव्हते. ते हात जोडून आले असते, पण लिहायला कुणी नव्हतं.

उर्जाला यातलं काही बोलू नकोस. ती चिडते आणि चिडली की तिच्या आईवर जाते.

तू सगळ्यांवर लक्ष ठेवून आहेस म्हणून आम्ही इथे निर्धास्त असतो. लोभ तसाच पातळ न होता राहो.
तुझा,
आत्मारामकाका


हार्त्सफेल्ड
११ डिसेंबर २००५

ती. बाबांना,
जयभीम.

हे पत्र आईला वाचून दाखवा किंवा दाखवू नका, तुमचं तुम्ही ठरवा.

गुरुवारी सभा झाली. लांब टेबल, बारा माणसं, पाण्याच्या बाटल्या. केलरबाईंना मत नसल्यामुळे त्या भिंतीकडच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी काय बोलायचं ते मी जर्मनमध्ये पाठ करून गेले होते. फार मोठं नव्हतं. मला हा विषय सोडायचा नाही आणि माझी संमती नाही, एवढंच.

माझी पाळी यायच्या आधी फोग्टांनी एक पत्र बाहेर काढलं आणि वाचलं. पहिल्या ओळीतच मला कळलं की ते कुणाचं आहे.

ते चेष्टेने वाचत नव्हते, बाबा. चेष्टा केली असती तर बरं झालं असतं. ते हळूहळू, मन लावून वाचत होते. मुलीसारखी सांभाळा ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. समोरच्या एका बाईंनी चष्मा काढून पुसला आणि अशी कुटुंबं आता फार कमी राहिली आहेत असं म्हणाल्या. मग फोग्टांनी सांगितलं, की कुमारी उर्जा यांचा आग्रह तरुण वयाला धरूनच आहे, पण घरच्यांचीही इच्छा आहे की त्यांनी विद्यापीठाने सुचवलेल्या विषयावर काम करावं, आणि ती इच्छा वडिलांनी लेखी दिली आहे. बारा प्रती काढल्या होत्या. एक माझ्यासमोरही ठेवली.

अध्यक्षबाई नियमाने वागल्या. वडिलांचं मत इथे धरता येत नाही, विद्यार्थिनीने स्वतः सांगावं, असं त्यांनी बजावलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला फक्त नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायचं म्हणजे त्या लोकांना समजावून सांगायचं, की माझ्या वडिलांनी लिहिलं आहे ते तसं धरायचं नसतं. आमच्याकडे मोठ्या माणसाला असंच लिहितात. ते हात जोडतात तो शिष्टाचार आहे. म्हणजे एक तर तुम्ही खोटं लिहिलंत असं म्हणायचं, नाहीतर तुम्ही लाचार आहात असं. समोर तुमची सही होती, खाली निवृत्त प्राध्यापक असं लिहिलेलं. त्या गोऱ्या माणसांसमोर मला तुम्हाला खाली पाहायला लावता येईना. घरात मी तुमच्याशी दिवसभर भांडू शकते. तिथे माझं तोंड उघडलं नाही.

अध्यक्षबाई थांबल्या. पुन्हा विचारलं. पुन्हा थांबल्या. मग विद्यार्थिनीचा विरोध नाही, म्हणजे संमती आहे, अशी नोंद झाली आणि मतं घेतली गेली. मार्चअखेर तळघर रिकामं करायचं आहे. त्याच दिवशी केलरबाईंचा करार संपतो, तो वाढवणार नाहीत. पुस्तकं मुख्य ग्रंथालयात जातील, जी ठेवण्याजोगी वाटतील तेवढी.

मी नंतर अध्यक्षबाईंकडे गेले आणि माझी संमती नव्हती असं सांगितलं. त्या म्हणाल्या, की ते सभेत सांगायचं होतं.

तुम्ही मला विचारलं का नाहीत? जर्मनीपर्यंत एकटी पाठवताना मी लहान नव्हते. शार्दूलदादालाही विचारलं, तर तो म्हणतो की त्याला वाटलं तुम्ही आभाराचं पत्र लिहिता आहात. त्याच्यावर मी ओरडले. तुमच्यावर ओरडायला फोन केला होता, पण आईने उचलला आणि मी थंडीबद्दल बोलले.

उर्जा


औरंगाबाद
२५ डिसेंबर २००५

चि. उर्जास,
जयभीम.

पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. तिने माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते आहे.

शार्दूलला बोलू नकोस. पत्रात काय आहे ते मी त्याला स्पष्ट लिहिलं होतं, त्यालाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. आपल्यापैकी कुणालाच वाटलं नसतं. तो आता घाबरून खोटं बोलतो आहे, त्याला तेवढं माफ कर.

फोग्टसाहेबांना खुलासा लिहायला बसलो होतो. तीन मसुदे केले आणि फाडले. प्रत्येकात तेच शब्द येत होते. आपला नम्र, आपला ऋणी, कृपा करून, गैरसमज नसावा. तुझे आजोबा गावात चावडीवर अर्ज लिहून घेत. लिहून देणारा वर मायबाप सरकार असं घालायचा आणि आजोबा खाली अंगठा उठवायचे. मी सातवीत असताना तो अर्ज पाहिला आणि शपथ घेतली होती की असं कधी लिहिणार नाही. मला वाटलं होतं मी शपथ पाळली. चाळीस वर्षं मी तेच इंग्रजीत लिहीत होतो, आणि त्याला सुसंस्कृतपणा समजत होतो.

केलरबाईंचं काय झालं ते कळव. मला विचारायचा अधिकार नाही, तरी कळव.

मी तुझं भलं करायला गेलो होतो. हे तुला माहीत आहे हे मला माहीत आहे, आणि त्याने काही फरक पडत नाही हेही. 
बाबा


हार्त्सफेल्ड
२२ जानेवारी २००६

ती. बाबांना,
जयभीम. आईला सांगा, मफलर रोज घालते.

पत्र लिहायला उशीर झाला. केलरबाईंबरोबर तळघरात खोकी भरते आहे. ज्या पुस्तकांना ग्रंथालयाने नाही म्हटलं ती बाई घरी नेणार आहेत, पण त्यांचं घर लहान आहे, त्यामुळे रोज थोडी कमी करतात. परवा एका शाळेतल्या मुलांच्या जुन्या हस्तलिखित मासिकाचं खोकं निघालं. ते कुणीच घेणार नाही म्हणाल्या आणि बराच वेळ तसंच मांडीवर घेऊन बसल्या. संध्याकाळच्या वर्गांत इंग्रजी शिकवायचं काम मिळेल असं त्यांना कुणी सांगितलं आहे. अठ्ठावन्नव्या वर्षी नवशिक्यांना इंग्रजीची मुळाक्षरं.

सभेनंतर पहिल्यांदा त्यांच्यासमोर गेले तेव्हा मी रडले. त्या रडल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी मला सांगितलं ते मी तुम्हाला सांगायचं ठरवलं आहे. त्या पाच वर्षांच्या असताना त्यांच्या आईला मुलांच्या सरकारी खात्यातून सारखी बोलावणी यायची, की अशा रंगाचं मूल एकट्या बाईला सांभाळता येणार नाही. आई कारखान्यात कामाला होती. तिने खात्याला एक फार नम्र पत्र लिहिलं, की आपण साहेबलोक शिकलेले आहात, मुलीचं हित आपणच जास्त जाणता, आपण ठरवाल ते मला मान्य आहे. तिला वाटलं, इतकं वाकल्यावर साहेबांना दया येईल आणि मुलगी तिच्याकडे राहील. खात्याने ती संमती धरली. बाई चौदा वर्षांच्या होईपर्यंत अनाथाश्रमात वाढल्या, आई जिवंत असताना. आई रविवारी भेटायला यायची आणि त्या तिच्याशी बोलायच्या नाहीत. आई गेल्यावर त्यांना तिच्याशी बोलायचं होतं. म्हणून मला म्हणाल्या की वडिलांना पत्र लिही, रागाने लिही, पण लिही.

तर रागाने लिहिते आहे. मी अजून रागावलेली आहे, तुमच्यावर आणि त्याहून जास्त स्वतःवर. तुमचं पत्र फक्त पत्र होतं. गप्प मी बसले.

आता माझं. फोग्टांनी बोलावून घेतलं. दक्षिण आशिया विभागातली जागा एप्रिलपासून पक्की आहे. विषयही त्यांनी ठरवला आहे. मराठवाड्यातल्या शिकलेल्या दलितांमधली विनम्रता. हे त्यांना तुमच्या पत्रावरून सुचलं. त्यांच्या मते ते पत्र अतिशय मोलाचा पुरावा आहे, आणि पहिलं प्रकरण तुमच्यावर असावं. त्यानंतर तुमच्या ओळखीचे, तुमच्या पिढीचे बाकीचे. मी विचारलं की माझे वडील इथल्याच विषयाचे शिक्षक होते, त्यांच्या पेपरबद्दल, त्यांनी उतरवून घेतलेल्या पुस्तकांबद्दल लिहू का. ते म्हणाले की ते वेगळ्या विभागाचं झालं, आणि तो विभाग आता नाही.

हे घेतलं तर पदवी होईल. दोन-अडीच वर्षांत मी डॉक्टर होईन, दारावर लावता येईल. तुम्ही नाही म्हणालात तर पहिलं प्रकरण नाही, प्रकरण नाही तर जागा नाही, आणि जागा नसेल तर मार्चनंतर मला इथे राहायची परवानगी नाही. मी कोणत्या बाजूची आहे ते सांगणार नाही, नाहीतर तुम्ही माझ्यासाठी म्हणून काहीतरी ठरवाल.

ज्यांच्यावर काम करायचं त्यांची संमती इथे आधी घ्यावी लागते. म्हणून विचारते आहे. तुमची संमती आहे का? उत्तर मला पाठवा, फोग्टांना नको. पुढे-मागे काही घालू नका.

तुमची,
उर्जा


औरंगाबाद
५ फेब्रुवारी २००६

चि. उर्जास,
जयभीम.

नाही. माझी संमती नाही.

माझ्या बरोबरच्यांची नावंही मी देणार नाही. मराठवाड्यातल्या जातीवर काम व्हायला हवं, ते मी जन्मभर म्हणत आलो. पण एक दार बंद करून ज्या दारात तुला ढकललं आहे, त्याच्या उंबऱ्यावर नमुना म्हणून मी बसणार नाही.

याने तुझी पदवी जाते हे मला कळतं. मला आयुष्यात दुसरं काही इतकं हवं नव्हतं, आधी माझ्यासाठी आणि नंतर तुझ्यासाठी. चार दिवस पत्र तसंच ठेवलं होतं. हो लिहून मोकळं व्हावं असंही एकदा मनात आलं.

तू मला विचारलंस, म्हणून मला नाही म्हणता आलं. मी तुला विचारलं नव्हतं.

आई म्हणते, मार्चमध्ये कोणत्या विमानाने येतेस ते कळव, आम्ही दोघंही मुंबईला घ्यायला येऊ. लोभ ठेव असं सध्या मी मागत नाही. तुला वाटेल तेव्हा ठेव.

तुझे,
बाबा